मदत हवी आहे: सोलरची वीज साठवायला बॅटरी की हायड्रोजन?

नमस्कार मंडळी, आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या टेरेसवर 40 किलोवॅटचं सोलर आहे, लिफ्ट, पंप, पार्किंगचे दिवे सगळं त्यातून निघतं, पण लाईट गेली की ऑनग्रिड (म्हणजे बाहेरच्या लाईटवर अवलंबून असलेला) इन्व्हर्टर पण बंद पडतो आणि डिझेल जनरेटर लावावा लागतो. आता एका मेंबरने काढलंय की बॅटरी नको, इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र) बसवू, उन्हाळ्यातली जास्तीची वीज हायड्रोजन करून ठेवू आणि पावसाळ्यात फ्युएल सेलवर (हायड्रोजनची परत वीज करणारं यंत्र) वापरू. थायलंडमध्ये चियांग माईला फी सुआ हाऊस नावाच्या घरांच्या संकुलात सोलरची वीज अशी हायड्रोजन करून साठवलीय, हे खरंय. पण 1 किलो हायड्रोजन बनवायला 50-55 युनिट जातात आणि परत मिळतात जेमतेम 15-18, म्हणजे दोन तृतीयांश वीज हवेतच गेली की! लिथियम बॅटरीत 85-90 टक्के परत येते. शिवाय नेट मीटरिंगमध्ये जास्तीचे युनिट बिलात वळते होतातच, मग हा खटाटोप कशाला?

तर विचारायचं हे, की राहत्या इमारतीत हायड्रोजन साठवायला पेसोची (स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंवर देखरेख करणारं केंद्र सरकारचं खातं) परवानगी, फायरची एनओसी कोणी घेतलीय का? आणि नुसत्या लिफ्ट-पंपासाठी बॅटरी कोणी बसवली असेल तर किती युनिटची, खर्च किती आला तेवढं सांगा, रविवारी मीटिंग आहे.