सुई टोचली की दोष सिस्टरचा?

रात्रपाळी: आमच्याकडे कोणाला सुई टोचली की पहिला प्रश्न ठरलेला, "वापरलेल्या सुईला कॅप परत लावत होतीस ना?" ज्या पेशंटची सुई त्याचे रिपोर्ट काय आहेत, हे नंतर कधीतरी. मग मुली सांगतच नाहीत, हात धुऊन पुढच्या बेडकडे जातात. वापरल्यावर झाकली जाणारी सुई सक्तीची करा. अमेरिकेने 2000 साली कायदा केला, युरोपीय संघाने 2010 मध्ये निर्देश काढला. आपण पोस्टर चिकटवतो.

तालुक्याचा डॉक्टर: सक्ती म्हणायला सोपी. छोट्या नर्सिंग होमने तो खर्च पेशंटच्याच बिलात लावायचा ना? आणि झाकण बसवायचं राहिलं तर महाग सुईसुद्धा टोचतेच. नीडल कटर, पांढरा न भोसकणारा डबा आणि कॅप न लावायची सवय, एवढं नीट पाळलं तरी पुष्कळ.

रात्रपाळी: सर, डबा असतो वॉर्डच्या टोकाला. हातात उघडी सुई, पेशंट हात झटकतोय, नातेवाईक वाटेत उभे. कॅप लावू नको तर काय करू? सवयीचं कौतुक दिवसपाळीत ठीक आहे.

लॅबवाला: भांडा, पण आधी हे वाचा. बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका साधारण 0.3 टक्के. हेपॅटायटिस बीची लस नसेल तर तोच 6 ते 30 टक्के! आणि घाबरतात सगळे एचआयव्हीला. बीची लस घ्या (0, 1 आणि 6 महिने), नंतर अँटिबॉडी तपासा. टोचलं तर बोट पिळत बसू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, आणि 28 दिवस घ्यायची. लपवण्यात हेच तास जातात. त्यामुळे ओरडणाऱ्या इन्चार्जवर माझा राग सुईपेक्षा जास्त आहे.

सफाई सुपरवायझर: तुम्ही सगळे सुई हातात धरणाऱ्यांबद्दलच बोलताय. आमच्या मावशींना ती कचऱ्याच्या पिशवीतून टोचते. कोणत्या पेशंटची, कोण सांगणार? लसीचं विचारलं तर हॉस्पिटल ठेकेदाराकडे बोट दाखवतं, ठेकेदार हॉस्पिटलकडे.

तालुक्याचा डॉक्टर: यात वाद नको. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत कचरा हाताळणाऱ्यांच्या लसीकरणाची जबाबदारी रुग्णालयावरच आहे, बीची आणि धनुर्वाताचीही. कंत्राटी म्हणून हात झटकता येत नाहीत.

रात्रपाळी: मग माझाच मुद्दा आला की. झाकलेली सुई पिशवीत चुकून गेली तरी मावशींना टोचणार नाही. तुमची सवय तिथे काय कामाची?

तालुक्याचा डॉक्टर: बरं, अर्धं मान्य. शिरेत जाणाऱ्या पोकळ सुया, म्हणजे रक्त काढायच्या आणि आयव्ही कॅन्युलाच्या (सलाईनसाठी शिरेत बसवतात ती नळी), आधी बदलू. धोका तिथेच जास्त. प्रत्येक लसीच्या इंजेक्शनला सक्ती मात्र मला पटत नाही.

रात्रपाळी: तेवढं लेखी द्या. आमच्या खरेदी विभागाला दाखवते.