मदत हवी आहे : ६० हजारांचा डॅक आणि दहापैकी सात

खर्जातला

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझी सिस्टीम साधी आहे. ठाण्याला नौपाड्यात जुन्या इमारतीतला दहा बाय चौदाचा हॉल, बारा वर्षांपूर्वीचा स्टीरिओ अँप्लिफायर (अँप), तेव्हाचेच उभे स्पीकर, एक सीडी प्लेअर आणि त्याला जोडलेला आठ हजारांचा डॅक. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : सीडीवरचे किंवा फोनमधले आकडे घेऊन त्यांचा अँपला कळेल असा सिग्नल करून देणारा डबा म्हणजे डॅक.) ऐकतो बहुतेक ख्याल, अधूनमधून नाट्यसंगीत.

नेरुळला माझा कॉलेजपासूनचा मित्र राहतो. या छंदात मला ओढणारा तोच. त्याला आता वरचं मॉडेल घ्यायचंय, म्हणून ८५ हजारांना घेतलेला डॅक तो मला ६० ला देतोय. "पंधरा दिवस घरी ठेव, ऐक, मग बोल," म्हणाला. माणूस सोन्यासारखा आहे, व्यवहारात काही खोट नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

लावला त्या रात्रीच मी खलास. तानपुऱ्याच्या चारही तारा सुट्या सुट्या. बायाँची (डग्ग्याची) घुमक पोटात जाणवावी अशी. गायक दोन पावलं पुढे येऊन बसल्यासारखा. बायकोला हाक मारली. तिने दाराशी उभं राहून अर्धं मिनिट ऐकलं, "आवाज जरा मोठा वाटतोय, बाकी तेच आहे की," म्हणाली आणि कुकर बघायला गेली. मी मनात म्हटलं, हिला काय कळतंय.

खरी काडी टाकली ती लेकीने. बारावी सायन्सला आहे, त्यामुळे सध्या घरात प्रत्येक गोष्टीला पुरावा लागतो. "बाबा, न बघता ओळखून दाखवा." मी तिच्याकडे पाठ करून बसलो, ती अँपचं बटण फिरवत राहिली. दहापैकी सात बरोबर आले. मित्राला फोन केला तर तो म्हणे, "सात म्हणजे फर्स्ट क्लास की रे!" लेक म्हणते, सात तर नाणं उडवूनही येतात. आणि मी अशी परीक्षा घेतोय हे कळल्यावर मित्राला जरा लागलंच. "तीस वर्षं ऐकतोयस आणि आता स्वतःच्या कानांवर भरवसा नाही? वाशीच्या मार्केटात आंबा घेताना डोळे बांधतोस का?"

तर जाणकारांनी मार्गदर्शन करावं. असं न बघता ऐकणं खरंच गरजेचं आहे, की हा नुसता इंजिनिअर लोकांचा हट्ट? करायचंच असेल तर घरच्या घरी कसं करायचं? आणि सात म्हणजे पास की नापास? पुढच्या रविवारी मित्र घरी येतोय, त्याला काहीतरी उत्तर द्यायला हवं.

रुमालवाला

रुमाल टाकून ठेवतो. शेंगदाणे घेऊन बसलोय.

ओहमकार

आधी एक सांगा, दोन्ही डॅकच्या आवाजाची पातळी सारखी करून घेतली होती का? धाग्यात उल्लेख नाही, म्हणजे नसावी. मग ते सात तूर्तास विसरा.

पातळीतला फरक डेसिबलभर (डेसिबल म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप) किंवा त्याहून कमी असला, की तो "मोठा आवाज" म्हणून कळत नाही. तो "मोकळा", "स्वच्छ", "पुढे आलेला" असा कळतो. तुमचा गायक दोन पावलं पुढे आला तिथेच मला शंका आली. वहिनींचं वाक्य परत वाचा. अख्ख्या धाग्यात मोजमापाच्या जवळ जाणारं तेवढं एकच वाक्य आहे.

कृती सांगतो. मल्टीमीटर मिळवा, पण तो दीडदोनशेवाला पिवळा नको. त्यात एसी व्होल्टेजची सर्वात खालची रेंज २०० व्होल्टची असते, आपल्याला दोन व्होल्टच्या आसपास बारकाईने बघायचंय. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये १०० हर्ट्झचा (सेकंदाला १०० कंपनांचा) सलग सूर बनवून सीडीवर टाका. १००च का, तर साधे मीटर वरच्या स्वरांना काहीही आकडे दाखवतात. सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा, एकदा या डॅकचं, एकदा त्या डॅकचं. दोन्हीतला फरक ०.१ डेसिबलच्या आत हवा, म्हणजे साधारण एक टक्का. २ व्होल्ट असतील तर २० मिलिव्होल्ट. मित्राच्या डॅकला स्वतःचा व्हॉल्यूम असेल तर काम सोपं आहे. सीडी प्लेअरच्या मागे ऑप्टिकल आणि कोएक्सिअल हे दोन्ही डिजिटल आउटपुट असतील तर एकेक डॅक एकेका आउटपुटला जोडा. दोन्ही एकाच वेळी तेच गाणं वाजवतील, तुम्ही फक्त अँपचा इनपुट बदलायचा. झटकन बदलता येणं महत्त्वाचं, कारण आवाजाच्या बारकाव्यांची आठवण काही सेकंदांत विरते. वायर काढून दुसरी लावेपर्यंत कान रिकामा झालेला असतो.

आता "गरज आहे का". माझ्या मते सगळीकडे नाही. व्हॉल्व्ह अँपचं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांच्या अँपचं उदाहरण घ्या. समजा त्याचा आउटपुट इम्पीडन्स (एसी सिग्नलला होणारा रोध) २ ओहम आहे, आणि स्पीकरचा इम्पीडन्स स्वरानुसार ४ पासून २० ओहमपर्यंत फिरतो. गणित केलं तर स्वरास्वरांत जवळपास २.७ डेसिबलचा चढउतार पडतो. तो ऐकू येणारच, त्यासाठी डोळ्यांवर पट्टी कशाला? उलट दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर, स्पीकरपर्यंत ३ मीटर. जातायेता मिळून तिचा रोध ०.०७ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला त्यातून ०.०८ डेसिबलसुद्धा कमी पडत नाहीत. तिच्या जागी मीटरला दहा हजारांची वायर लावून कुणाला "पडदा बाजूला झाल्यासारखं" वाटत असेल, तर मी त्याला प्रेमाने खुर्चीत बसवून डोळे मिटायला सांगेन. डॅक या दुसऱ्या टोकाला जवळ.

बैठकवाला

ओहमकार साहेब, मीटर तुमचा, कान आमचे.

मी चाळीस वर्षं तबला वाजवतोय. तानपुऱ्याची जवारी लावताना तारेखालचा दोरा केसभर सरकवला की आवाज उघडतो, आणि तो त्या क्षणी कळतो. तिथे कुणी सोळा वेळा पट्टी बांधून विचारत नाही. या चाचण्यांत माणूस परीक्षेला बसतो, ऐकायला नाही. घाम फुटलेला, तोच वीस सेकंदांचा तुकडा परत परत. सहाव्यांदा तर मला माझा स्वतःचा ठेकाही ओळखता येणार नाही. चांगली वस्तू महिनाभर घरात राहिली की कळते. रात्री अकराला तुम्ही उठून दुसरी रेकॉर्ड लावता की झोपायला जाता, ही माझी चाचणी.

तळ्यावरची

बैठकवाला काका, जवारीचं पटलं. पण जवारी लावताना तुम्ही तानपुऱ्याची किंमत ऐकत नसता. इथे ६० हजार ऐकू येतायत.

महिनाभर ऐकायचं तर महिनाभर ऐका, त्याला हरकत कुणाची आहे? न बघता ऐकणं म्हणजे घाईने ऐकणं नव्हे. दोन्ही डॅक कपड्याखाली झाका, घरातल्या कुणीतरी आठवड्याला नाणं उडवून ठरवायचं की बदलायचं की तसंच ठेवायचं, आणि तुम्ही वहीत लिहायचं. वेळ तोच, आराम तोच. फक्त नाव झाकलेलं.

आणि नाव झाकल्याने काय होतं, ते मोजलेलं आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ साली हार्मन या ऑडिओ कंपनीतल्याच ४० लोकांना स्पीकर ऐकवले, एकदा दाखवून, एकदा पडद्याआड. स्पीकरमधले फरक तर उघड ऐकू येणारे. तरी दिसायला लागल्यावर गुण हलले, आणि हलवणारे लोक रोज आवाजाच्याच धंद्यातले होते. म्हणजे हा अडाणीपणा नाही, मेंदूची ठेवणच तशी आहे. धागा काढणाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये.

डॅकच्या जवळचा प्रयोग २००७चा, मायर आणि मोरान यांचा. उच्च दर्जाच्या रेकॉर्डिंगच्या वाटेत मध्येच सीडीच्या दर्जाचा टप्पा घातला आणि विचारलं, कळतोय का? ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर. नाण्याइतकेच. पण २०१६ साली जोशुआ राइस यांनी असे १८ प्रयोग एकत्र मांडले तर एकूण बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली, आणि कान तयार केलेल्यांची त्याहून बरी. म्हणजे "काहीच कळत नाही" असंही छातीठोक म्हणता येत नाही. माझ्या लेखी एवढ्याशा फरकाला ६० हजार द्यायचे का, हा प्रश्न मात्र उरतो.

आता सात. निव्वळ अंदाजाने दहापैकी सात किंवा जास्त येण्याची शक्यता १७ टक्के आहे. लेकीला माझ्याकडून शाबासकी. सोळा वेळा करा. बारा किंवा जास्त आले तर ती शक्यता ४ टक्क्यांच्या खाली येते. मात्र सोळा म्हणजे सोळाच, आधी ठरवून. दहाला थांबावंसं वाटलं किंवा "अजून चार घेऊ" वाटलं, की गेलं सगळं.

आणि बटण फिरवणारा गप्प हवा, दिसायलाही नको. नंदीबैल आठवतो ना? पाऊस पडेल का, म्हटलं की मान डोलावतो. बैलाला पावसाचं काही ठाऊक नसतं, त्याला मालकाचा हात ठाऊक असतो. लेक "आता सांगा हं" कोणत्या सुरात म्हणते, यावरून तुम्ही ओळखत असाल आणि ते तुमचं तुम्हालाही कळत नसेल. तिला चादरीमागे बसवा. इनपुट नाणं ठरवेल, तिने फक्त एक टिचकी वाजवायची. उत्तरं कागदावर, जुळवणी सगळ्यात शेवटी.

रुमालवाला

नंदीबैल वाचून चहा सांडला. धागा वाचनखुणेत.

खर्जातला

मंडळी, झाला रविवार. उशिरा लिहितोय, माफी.

मीटर वरच्या मजल्यावरच्या काकांकडून आणला, ते वीज मंडळातून निवृत्त आहेत. मी १०० हर्ट्झचा सूर लावला तर त्यांनी आधी विचारलं, फ्रिज बिघडलाय का. आकडे : माझा डॅक २.१० व्होल्ट, मित्राचा २.५०. म्हणजे दीड डेसिबल. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग मी काय म्हणत होते?" आणि विषय संपला. माझ्यापुरता अजून संपलेला नाही.

मित्राच्या डॅकचा व्हॉल्यूम अर्ध्या अर्ध्या डेसिबलने उतरतो. तीन पायऱ्या खाली आणल्यावर बरोबर २.१० आले, नशीब. मित्र दुपारी एकला उगवला. ट्रान्स हार्बरला मेगाब्लॉक होता, ऐरोलीमार्गे बसने आला, अर्धा वेळ उभा राहून. आधीच तापलेला. "चल, कर तुझी परीक्षा," म्हणाला.

चादर बांधली. मी सोळापैकी नऊ. मित्र अकरा. अकराच्या वेळी तो जरा ताठ बसला, पण लेकीने कागदावर गणित करून सांगितलं की अंदाजाने अकरा किंवा जास्त यायची शक्यता दहा टक्क्यांच्या वर आहे, आणि ठरलं होतं बारा.

मग लेक म्हणाली, मला बसू दे. मी चादरीमागे गेलो. तिचे आले चौदा! मित्र अक्षरशः उडी मारून उठला. "बघ! तरुण कान!" पाच मिनिटं घरात दिवाळी. मग ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमच्या डॅकवर बटण आणलं की बारीकसा टक होतो. मी गाणं ऐकतच नव्हते." तीस वर्षं कान कमावलेल्या आम्हा दोघांना तो टक ऐकू आला नव्हता. आमचं लक्ष तानपुऱ्याकडे.

रिमोटवरचं म्यूट दाबून मग बटण फिरवायचं, असं करून परत घेतलं. लेक सात.

यानंतरचं मित्राने स्वतः सुचवलं. त्याचा डॅक परत तीन पायऱ्या वर नेला, म्हणजे पहिल्या रात्रीसारखा, आणि तो खुर्चीत बसला. सोळापैकी पंधरा. त्यानंतर त्याने चहा मागितला आणि माणसात आला. कान शाबूत आहेत हे त्याला बघायचं होतं, ते बघितलं. बैठकवाला काका, तुमची महिनाभराची चाचणी मी सुचवून पाहिली. तो म्हणाला, महिनाभर कपड्याखाली ठेवायला ती काय लोणच्याची बरणी आहे का?

ओहमकार

टकाबद्दल : तुमच्या जुन्या डॅकच्या आउटपुटवर थोडा डीसी (न बदलणारा, स्थिर व्होल्टेज) शिल्लक असावा. मीटर अजून घरात असेल तर डीसी मिलिव्होल्टवर लावून बघा. काही मिलिव्होल्ट असतील तर काळजी नको.

आणि लेकीला अॅकॉस्टिक्सला घाला.

बैठकवाला

मला तो टक ऐकू आला असता.

तळ्यावरची

काका, चादर बांधू?

खर्जातला

४ मिलिव्होल्ट आहेत, ओहमकार. धन्यवाद.

डॅक घेतला नाही. मित्रही रागावला नाही, तो पिशवीत घालून घेऊन गेला. वरचं मॉडेल घ्यायचं मात्र त्याच्या डोक्यातून गेलेलं नाही. काल संध्याकाळी दुकानातून त्याचा फोन आला. म्हणाला, "तो आकडे लिहिलेला कागद लेकीला फोटो काढून पाठवायला सांग. आणि अरे, हे दुकानवाले मला विचारतायत, मल्टीमीटर कशाला आणलाय?"