पावसाळा आला की फ्लास्कमध्ये बुरशी, काय करू?

खारघरची_मुलगी: एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे, हेला सेल्स (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या कॅन्सरच्या पेशी) वाढवतेय. तीन आठवड्यांत दोनदा सगळं फेकून द्यावं लागलं, काल सकाळी बघितलं तर मीडियात (पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यात) कापसासारखे पांढरे पुंजके तरंगतायत, रडूच आलं. हुडमध्येच (गाळलेल्या स्वच्छ हवेच्या कपाटात) काम करते, ग्लोव्हजवर ७० टक्के अल्कोहोल मारते, मग चुकतंय कुठे?

ऐरोलीकर: बुरशीच ती. आधी इन्क्युबेटरमधला (फ्लास्क उबेत ठेवायच्या कपाटातला) पाण्याचा ट्रे बघ, ३७ डिग्री आणि दमट हवा, तिला अजून काय पाहिजे? दर आठवड्याला धू, ऑटोक्लेव्ह केलेलं (दाबाच्या वाफेने निर्जंतुक केलेलं) डिस्टिल्ड पाणी भर. आणि पुठ्ठ्याचे खोके कल्चर रूममध्ये नकोच, आपल्याकडच्या पावसात ते सादळतात नि बुरशी धरतात.

ठाणे_वेस्ट: मीडियाची बाटली कोमट करायचा वॉटर बाथ पण बघ गं, बाटलीच्या झाकणाखाली पाणी राहतं, पुसल्याशिवाय हुडमध्ये नेऊ नको. मीडिया एका रात्रीत पिवळा नि गढूळ झाला तर बॅक्टेरिया. खरी भीती मायकोप्लाझ्मा नावाच्या अगदी बारीक बॅक्टेरियाची, मीडिया स्वच्छ दिसतो, साध्या मायक्रोस्कोपखाली कळत नाही, आणि पेनिसिलिन ज्यावर काम करतं ती सेल वॉलच त्याला नसल्यामुळे पेनिसिलिन लागू पडत नाही. पीसीआर टेस्ट (डीएनएवरून ओळखायची) करूनच घे.

खारघरची_मुलगी: ट्रे काढला, कडेला काळपट बुळबुळीत थर! खूप थँक्यू दोघांना, उद्या गोठवलेल्या सेल्सची नवीन व्हायल (छोटी कुपी) काढते.