मॅकडॉवेलचा अर्ज: आराखडा की कामाचा नमुना?
कलावंत-निवासासाठी (म्हणजे कलावंतांना काही काळ राहून आपले काम करता येते अशा जागेसाठी) अर्ज करताना त्यातील प्रकल्पाचा आराखडा किती विस्तृत असावा, असा प्रश्न विचारला गेला आहे; त्या संदर्भात थोडी भर घालावीशी वाटते. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील पीटरबरो या गावी, जंगलाच्या सान्निध्यात १९०७ पासून चालत आलेल्या मॅकडॉवेल या कलावंत-निवासात निवडीचा मुख्य आधार कामाचा दर्जा हाच असतो. त्यामुळे आराखडा नेमका व थोडक्यात लिहून उरलेली सारी मेहनत अर्जासोबत द्यायचा आपल्या कामाचा नमुना निवडण्यावर घ्यावी. मराठीत लिहिणाऱ्यांनी या नमुन्याचा इंग्रजी अनुवाद मुळाइतक्याच काळजीने करून घ्यावा. निवासाचे शुल्क तेथे आकारले जात नाही, आणि काम मध्येच तुटू नये म्हणून दुपारचे जेवणसुद्धा टोपलीतून स्टुडिओच्या दाराशी ठेवले जाते (ही प्रथा मला फार मोलाची वाटते). असा अखंड एकांत आपल्या हातातील कामाला आत्ताच का हवा आहे, हे मात्र अर्जात स्पष्टपणे मांडावे.