परदेशातून मुंबईत : मुलांची शाळा, मुलांचे डॉक्टर

मुलं तिकडे जन्मलेली, आणि आपण पुन्हा मुंबईत. पहिलं वर्ष कसं निभावलंत? 'इकडे बरं की तिकडे' हा वाद नको, घडलेलं लिहा. सुरुवात मीच करते.

न्यू जर्सीहून आलो तेव्हा लेक सहा वर्षांची होती. दादरच्या डॉक्टरांनी आधी तिचा डावा दंड पाहिला. बीसीजीचा व्रण शोधत होते. तिकडे ती लस सरसकट देतच नाहीत. "आता या वयात नको," म्हणाले. मग लसींचा कागद घेऊन तारखा फाइलीत उतरवू लागले. ०४/०७ म्हणजे त्यांनी चार जुलै लिहिलं, मीही मान डोलावली. पुढची तारीख ०९/२५. पेन थांबलं. "पंचविसावा महिना कुठला हो?" तिकडे महिना आधी लिहितात, हे मला काय ठाऊक नव्हतं? दहा वर्षं तसंच तर लिहीत होते! सगळ्या तारखा खोडून महिन्यांच्या नावांनी पुन्हा लिहिल्या. टायफॉइडची लस तिकडच्या नेहमीच्या यादीत नसते, ती इथे घेतली.

गोरेगावहून :
आमचा पहिला पावसाळा. रात्री साडेअकराला धाकट्याला ताप. अमेरिकेतून आणलेली पॅरासिटामॉलची बाटली संपलेली, म्हणून खालच्या केमिस्टकडून नवी आणली. सासूबाई चमचा भरणार तेवढ्यात मी लेबल वाचलं. तिकडच्या बाटलीत ५ मिलीला १६० मिलिग्रॅम, हिच्यात २५०. डॉक्टरांना फोन केला. "वजन?" मी म्हटलं, एकतीस. चारच्या पोराचं एकतीस ऐकून ते गप्पच झाले. पाउंड हो! म्हणजे चौदा किलो. पाच मिली नको म्हणाले आणि वजनावरून डोस सांगितला. इथे १२० आणि १२५चीही बाटली मिळते, तेव्हा 'मागच्यासारखंच एक चमचा' हे वाक्य आमच्या घरात बंद झालंय.

पार्ल्याहून :
म्युनिकहून आलेला मुलगा, चौथीत. २०२०च्या कायद्याने सगळ्याच बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची, त्यामुळे सुटका नव्हती. शिकवणी लावली, तिथे रडारड. शेवटी आजोबांनी त्याला बेस्टच्या स्टॉपवर उभं केलं. १ला नऊ म्हणायचा, ७ला सहा. एकदा दोघे भलत्याच बसमध्ये चढले आणि आजोबांनी मुद्दाम शेवटच्या स्टॉपपर्यंत उतरू दिलं नाही. त्यानंतर आकडा चुकलेला नाही. 'शाळा'ची मात्र अजून 'शाला'च आहे.

मुलुंडहून :
आमचं दुखणं कागदांचं. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंचा एकच धोशा, "एलसी कुठाय?" म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. मुलींच्या तिकडच्या सरकारी शाळेत एलसी नावाचा प्रकारच नव्हता. मुख्याध्यापकांचं पत्र आणि प्रगतिपुस्तकं यांवर तात्पुरता प्रवेश मिळाला. पुढे आधार. मुली ओसीआय, म्हणजे मूळच्या भारतीय पण परदेशी नागरिक, आणि अर्ज करायचा तर आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेलं असावं लागतं. दर महिन्याला बोलावणं यायचं, दर महिन्याला मी दिवस मोजून दाखवायचे.

खरा चटका नंतर बसला. थोरलीला डॉक्टर व्हायचंय. ४ मार्च २०२१च्या अधिसूचनेने ओसीआय मुलांना वैद्यकीय प्रवेशात फक्त एनआरआयच्या जागा ठेवल्या. सुप्रीम कोर्टाने २०२३मध्ये त्या तारखेआधी कार्ड मिळालेल्यांना यातून वगळलं. थोरलीचं कार्ड २०१२चं, धाकटीचं २०२२चं. एकाच घरात, एकाच टेबलावर अभ्यास करणाऱ्या दोघींना दोन नियम. धाकटीला अजून सांगितलेलं नाही.

अंधेरीहून :
आमचं काहीच अडलं नाही. शाळा घराखाली, डॉक्टर वरच्या मजल्यावर. फक्त नोकरीतली कंपनी विमा उतरवून देईल म्हणून थांबू नका, पहिले तीस दिवस आजारपणाचे पैसे बहुतेक पॉलिसी देत नाहीत.

पुन्हा मी, दादर :
मुलुंडताई, मुख्याध्यापकांचं ते पत्र ठरावीक नमुन्यात लागतं का? भावाची मुलं मे महिन्यात येतायत.

मुलुंडहून :
साधं लेटरहेडवर. फक्त दोन प्रती आणायला सांगा, एक ऑफिसात हरवते.