कॉम्प्युटर काम करता करता एकदम बंद पडतोय, मदत हवी आहे

अक्षरजुळणी

नमस्कार मंडळी,

मी माहीमला राहते आणि घरूनच डीटीपीची, म्हणजे छपाईसाठी पानं लावायची कामं करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल आणि सध्या गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका. गेला सव्वा महिना माझा डेस्कटॉप मध्येच बंद पडतोय. हँग होत नाही, निळा स्क्रीन येत नाही, बंद होतोय असा काही मेसेजही येत नाही. दिवा मालवावा तसा जातो. बटण दाबलं की लगेच चालू होतो. मग कधी दोन दिवस काही होत नाही, कधी दीड तासात पुन्हा तेच.

मशीन सहाव्या पिढीचं आय-फाइव्ह आहे, ८ जीबी रॅम, एक एसएसडी, डेटासाठी एक जुनी हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज १०. मॉनिटर २२ इंची. ६०० व्हीएचा यूपीएस आहे, म्हणजे वीज गेली की बॅटरीवर कॉम्प्युटर चालू ठेवणारा डबा.

आतापर्यंत केलेलं सांगते. घरी येणाऱ्या मेकॅनिकनी आधी धूळ काढली, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, रॅम खोडरबरने घासून परत बसवली. फरक पडला नाही. मग एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या आतला वीज पुरवणारा डबा) नवीन बसवला, चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा. आठवडाभर बरं चाललं आणि पुन्हा सुरू. मग मशीन दुकानात नेलं. तिथे दोन दिवस सलग चालवून ठेवलं होतं, एकदाही बंद पडलं नाही. घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी बंद. आता ते म्हणतात मदरबोर्ड गेलाय, या पिढीचा नवीन बोर्ड मिळत नाही, त्यामुळे बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळंच बदलावं लागेल. खर्च पंचवीस हजारांच्या घरात.

यूपीएस मी स्वतः तपासला. मेन स्विच बंद केला तरी त्यावर लावलेला मोबाईल चार्ज होत राहिला, म्हणजे तो ठीक आहे.

चौसष्ट पानांची स्मरणिका हातात आहे. परवा जाहिरातींची सहा पानं लावून झाली होती आणि सेव्ह करायच्या आधीच गेलं. मंडळाची मुलं रोज रात्री ऑफिसहून थेट येऊन प्रुफं बघतात, त्यांना मी रोज काय सांगू? पंचवीस हजार घालायची तयारी आहे, पण तेवढे घालूनही हेच होणार असेल तर मी संपले. कोणी नीट दिशा दाखवेल का?

सोल्डरिंग

ताई, बोर्ड बदलायची घाई करू नका. आधी थोडी माहिती द्या.

विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. मशीन बंद पडलं त्या वेळच्या आसपास लाल खुणेची 'कर्नल-पॉवर ४१' नोंद दिसेल. ही नोंद कारण सांगत नाही. मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं, एवढंच ती सांगते. पण तिच्या डिटेल्समध्ये 'बगचेक कोड' असतो. तिथे शून्याखेरीज दुसरा आकडा असेल तर विंडोज किंवा ड्रायव्हर कोसळलाय. शून्य असेल तर बहुतेक वेळा वीजच तुटलेली असते किंवा मशीन जागच्या जागी थिजलेलं असतं. तुमचं थिजत नाही, म्हणून कोड शून्य निघाला तर मी विजेमागे लागेन.

दुसरं, तापमान. काम चालू असताना प्रोसेसर किती अंशांवर जातो? इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की आधी वेग कमी करतात, तरीही तापत राहिले तरच मशीन बंद करतात. म्हणजे उष्णतेने बंद पडणारं मशीन आधी मंद होतं. पंखा चार प्लास्टिकच्या पिनांवर बसवलेला असेल तर एखादी पिन वर आलीय का तेही बघा. पेस्ट बदलताना हे हमखास होतं.

बोरिवली_धीमी

माझ्याकडे हुबेहूब हेच होतं. कॅबिनेटचं पॉवर बटण खराब निघालं. दमट हवेने आतला स्विच गंजला होता आणि दाबल्यानंतर कधीकधी तसाच अडकायचा. बटण चार-पाच सेकंद दाबलेलं राहिलं की मशीन तडक बंद होतं हे माहीतच असेल. माहीम म्हणजे समुद्र शेजारीच. मेकॅनिकला सांगून त्या बटणाच्या दोन वायरी बोर्डवरून काढून बघा. मशीन तात्पुरतं रीसेटच्या बटणाच्या वायरी त्या जागी लावून चालू करता येतं.

तांबडी_वायर

दुकानात दोन दिवस नीट चाललं आणि घरी बंद पडलं, हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय. मशीन तेच, भिंत वेगळी. दुकानात नसलेलं आणि तुमच्या घरी असलेलं काय काय आहे त्याची यादी करा. यूपीएस, एक्स्टेंशन बोर्ड, प्लग, घरातलं वायरिंग.

आणि यूपीएसची तुमची तपासणी ग्राह्य धरता येणार नाही. मोबाईलचा चार्जर पाच-दहा वॅट घेतो. तुमचं मशीन आणि मॉनिटर मिळून काम करताना शंभर-सव्वाशे वॅट घेत असतील. अर्धी मेलेली बॅटरी चार्जरला तासभर पोसेल आणि कॉम्प्युटरला एक सेकंदही नाही. कॉम्प्युटर काढून ठेवा, त्या जागी साठ किंवा शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा आणि मग भिंतीचा स्विच बंद करा. एलईडी बल्ब चालणार नाही, तो पुरेसा भार देत नाही.

अजून तीन प्रश्न. यूपीएसची बॅटरी कधी बदलली होती? मशीन बंद पडतं त्या क्षणी मॉनिटरचा छोटा दिवाही जातो का? बंद पडायच्या वेळा लिहून ठेवल्या आहेत का?

अक्षरजुळणी

सगळ्यांचे आभार. एकेक सांगते.

बगचेक कोड सगळ्या नोंदींत शून्य आहे. तापमान कोरलमध्ये (पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मोठी फाइल उघडून पाहिलं, ६८ च्या वर गेलं नाही. चारही पिना घट्ट आहेत. पॉवर बटणाच्या वायरी काढून रीसेटच्या लावल्या, तरी काल एकदा बंद पडलं.

मॉनिटरचा दिवा मी कधी नीट पाहिलाच नाही. मी वर बघते तेव्हा तो नारिंगी असतो, सिग्नल नाही म्हणून. त्यामुळे मॉनिटरची वीज चालू राहते असंच आजवर धरून चालले.

यूपीएस १२ ऑक्टोबर २०२० ला सगळ्या मुंबईची वीज गेली होती ना, त्याच आठवड्यात घेतला. बॅटरी त्यानंतर एकदाही बदललेली नाही. ती बदलावी लागते हे कोणी सांगितलंही नव्हतं.

वेळा लिहिल्या नव्हत्या, पण इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मागच्या सगळ्या सापडल्या. वहीत उतरवून काढल्या आणि अंगावर काटा आला. एकवीसपैकी चौदा वेळा पावणेसहा ते सहाच्या मधली वेळ आहे. उरलेल्या सात कधीही, दुपारी, रात्री अकराला, काही मेळ नाही.

तांबडी_वायर

पावणेसहाला तुमच्या इमारतीत काय होतं?

अक्षरजुळणी

पाणी येतं! म्हणजे खालच्या टाकीत पाणी आलं की वॉचमन वरच्या टाकीसाठी पंप लावतो. मी पहिल्या मजल्यावर आहे, पंप बरोबर माझ्या खोलीखाली. त्याची घरघर इतकी सवयीची झालीय की ती ऐकू येणंच बंद झालंय.

तांबडी_वायर

मग मला वाटतं सापडलं. पण सिद्ध करू या, नाहीतर तुम्ही पुन्हा अंदाजावर पैसे घालाल.

पंपाची मोटर सुरू होताना क्षणभर तिच्या नेहमीच्या पाच-सात पट करंट खेचते. वायरिंग जुनं असेल किंवा कुठे जोड सैल असेल तर तेवढ्या वेळापुरता व्होल्टेज खड्ड्यात जातो. ट्यूबलाइट किंवा पंखा मंदावल्यासारखा वाटतो तो याचमुळे. आता यूपीएस काय करतो? व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेखाली गेला की तो टक आवाज करून भार बॅटरीवर घेतो. बॅटरीत जीव नसेल तर त्या क्षणी पुढे काहीच जात नाही. सेकंदाभरात मेन व्होल्टेज पूर्ववत होतो, यूपीएस स्वतःहून परत चालू होतो, मॉनिटर नारिंगी दिवा लावून बसतो आणि कॉम्प्युटर मात्र बंद राहतो. तुम्ही वर बघेपर्यंत सगळं जागेवर आलेलं असतं.

चांगला एसएमपीएस एकटा असता तर बहुधा हा खड्डा सहज पचवला असता. तुमच्या नव्या एसएमपीएसच्या लेबलवर इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलंय का बघा. तसं असेल तर १७० व्होल्टनेही त्याला फरक पडत नाही. शिवाय त्याच्या आतला मोठा कपॅसिटर वीज पूर्ण गेली तरी पंधरा-सोळा मिलिसेकंद तग धरतो. तुमच्याकडे वाचवायला ठेवलेला यूपीएसच मशीनची वीज तोडतोय.

उद्या दोन गोष्टी करा. पावणेसहाच्या आधी मोबाईल समोर ठेवून मॉनिटर, यूपीएस आणि ट्यूबलाइट एका चौकटीत येतील असा व्हिडिओ लावा. फाइल बंद ठेवा. परवा यूपीएस काढून कॉम्प्युटर थेट भिंतीच्या प्लगला लावा आणि पंप सुरू होऊ द्या. वायरी उघडून काही मोजायला जाऊ नका, ते इलेक्ट्रिशियनचं काम.

सोल्डरिंग

तांबडी_वायर यांच्याशी सहमत. उरलेल्या सात वेळांबद्दल एक प्रश्न: लेझर प्रिंटर आहे का, आणि तो कुठे लावलाय?

अक्षरजुळणी

दोन दिवस थांबले आणि मगच लिहितेय.

व्हिडिओ पाहिला. पाच वाजून एकोणपन्नास मिनिटांनी खालून घरघर सुरू होते, ट्यूबलाइट एकदा लवते, यूपीएस टक करतो आणि मॉनिटरचा दिवा जातो. पूर्ण जातो. एक बारीक बीप, मग दिवा नारिंगी होऊन परत. सगळं मिळून दोन सेकंदही नाहीत. मी तो व्हिडिओ दहा वेळा पाहिला असेल. महिनाभर ज्याच्यासाठी मशीनचा एकेक भाग उघडून बघितला, ते बाहेर समोर चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी थेट भिंतीला लावला. पंप सुरू झाला, ट्यूबलाइट लवली, कॉम्प्युटर ढिम्म हलला नाही. एसएमपीएसवर १००-२४० लिहिलेलं आहे. पिवळा बल्ब शेजारच्या काकूंकडे मिळाला. यूपीएसला लावून स्विच बंद केला, बल्ब त्याच क्षणी गेला.

आणि सोल्डरिंग दादा, लेझर प्रिंटर आहे. यूपीएसवर नाही, पण ज्या एक्स्टेंशन बोर्डवर यूपीएस लावलाय त्याच बोर्डवर आहे. प्रुफं काढायला प्रिंट दिली की ट्यूबलाइट तशीच लवते. रात्री अकराची वेळ म्हणजे मुलांना प्रुफं काढून देण्याचीच.

सोल्डरिंग

हेच विचारायचं होतं. लेझर प्रिंटरमध्ये टोनरची पूड कागदावर वितळवणारा हीटर असतो, तो तापताना काही शे वॅट, कधी हजाराच्या जवळपास घेतो. त्याला वेगळ्या प्लगवर न्या, आणि यूपीएसवर तर कधीच लावू नका.

बॅटरी १२ व्होल्ट ७ एएचची असेल, झाकण उघडून लेबल बघून घ्या. त्याआधी यूपीएस बंद करून भिंतीतून काढा. लॅमिंग्टन रोडला मिळेल, पण रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, आत शिसं आणि ॲसिड असतं. दुकानदार ती परत घेतो.

आणि एवढी लाइट लवणं बरोबर नाही. मीटर रूमपासून तुमच्या बोर्डापर्यंत कुठेतरी जोड सैल आहे. सैल जोड तापतो आणि त्यातून आग लागते. कॉम्प्युटर बरा झाला म्हणून हे राहू देऊ नका.

अक्षरजुळणी

आज बाराव्या दिवशी लिहितेय. एकदाही बंद पडलेला नाही.

सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. माझ्या खोलीच्या बोर्डात न्यूट्रलचा स्क्रू सैल होता आणि आजूबाजूचं प्लास्टिक काळं पडलं होतं. ते बघून मात्र मी घाबरले. त्या खोलीत आई झोपते. त्याने तो प्लग बदलला, मीटर रूममधले जोडही घट्ट केले. आता पंप लागला तरी ट्यूबलाइट जेमतेम लवते. प्रिंटर पलीकडच्या भिंतीवर गेला.

बॅटरी हजाराच्या आत मिळाली, जुनी त्यांनीच ठेवून घेतली. बसवल्यावर पुन्हा पिवळा बल्ब लावला आणि स्विच बंद करून घड्याळ लावलं. नऊ मिनिटांनंतर मीच स्विच चालू केला. फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करायला एवढं पुरे.

मेकॅनिकलाही व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो स्वतःच्या मोबाईलवर पाठवायला सांगितला, त्यांच्या आणखी दोन गिऱ्हाइकांची हीच तक्रार आहे म्हणाले.

बोरिवली_धीमी

ताई, हे वाचून मी माझ्या यूपीएसचं बिल शोधलं. सात वर्षांपूर्वीचं आहे. बल्ब लावून बघतो. तुमची बॅटरी किती वर्षं टिकेल असं दुकानदार म्हणाला?

अक्षरजुळणी

दोन ते तीन वर्षं धरा म्हणाले. मी बॅटरीवर आणि बाहेर यूपीएसच्या झाकणावर, दोन्हीकडे मार्करने तारीख लिहून ठेवलीय. स्मरणिका काल रात्री प्रेसला गेली.