‘प्राचलाची लांबी’ म्हणजे नेमकी कशाची?

प्रश्न: सी भाषेवर मराठीतून टिपणं लिहिते आहे. प्रोग्रॅम चालवताना त्याच्या नावापुढे आपण जे टंकून देतो, त्याला ‘प्राचल’ म्हटलं आहे. पण ‘प्राचलाची लांबी काढा’ असं लिहिलं की मुलं विचारतात, कशात मोजायची? ‘अक्षरसंख्या’ लिहू का?

प्रतिसाद १: कृपा करून ‘अक्षरसंख्या’ नको. सीमधलं एसटीआरलेन (strlen) हे लांबी सांगणारं फंक्शन मजकुराचा शेवट दाखवणारा शून्य बाइट लागेपर्यंतचे बाइट मोजतं, त्याला अक्षर कळत नाही. इंग्रजी मजकुरात दोन्ही आकडे जुळतात, म्हणून फरक लक्षात येत नाही. त्याला ‘स्त्री’ देऊन पाहा. आपल्या लेखी ते एकच अक्षर. युनिकोडमध्ये मात्र स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी अशी ६ चिन्हं. ही चिन्हं बाइटमध्ये साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे एसटीआरलेन सांगणार १८. तेच पायथन भाषेतल्या लेन (len) या लांबी सांगणाऱ्या फंक्शनला विचारलं तर उत्तर ६. ‘अक्षर’ या शब्दाचं माप आपल्याकडे कधीच ठरलेलं आहे. मोठ्या अभंगाचे चरण सहा-सहा-सहा-चार असे त्यावरच मोजतात. ते माप बिघडवू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रश्नकर्ती: पटलं. मग ‘आकार’?

प्रतिसाद १: तो साइझऑफसाठी (sizeof) राखून ठेवा, म्हणजे एखादी गोष्ट स्मृतीत किती बाइट व्यापते ते सांगण्यासाठी. आर्गव्ही (argv) या प्राचलांच्या यादीतल्या घटकाला साइझऑफ लावलं तर पॉइंटरचा, म्हणजे मजकुराच्या नुसत्या पत्त्याचा, आकार मिळतो. ६४-बिट यंत्रावर तो ८ बाइट, मग प्राचल एका अक्षराचं असो की पानभर. नवशिके इथेच हमखास अडकतात.

प्रतिसाद २: एका अनुस्वाराकडेही लक्ष असू द्या. ‘प्राचलांची लांबी’ लिहिलंत तर वाचणारा आर्गसीकडे (argc), म्हणजे प्राचलं किती या आकड्याकडे, वळेल. आर्गसी देतं ती संख्या, आणि तीत प्रोग्रॅमचं नावही धरलेलं असतं. दोन प्राचलं दिली की आर्गसी ३.

‘बाइट’ स्पष्ट लिहाच, कारण मर्यादाही बाइटमध्येच असते. स्मृतीची पानं (तिचे ठरावीक तुकडे) ४ केबीची असलेल्या लिनक्सवर एक प्राचल शेवटच्या शून्यासकट १,३१,०७२ बाइटपर्यंत चालतं. देवनागरीत तेवढ्यात जेमतेम ४३,६९० चिन्हं मावतात.

प्रश्नकर्ती: दोघांचेही आभार. वाक्य असं केलं आहे: ‘पहिल्या प्राचलाची लांबी बाइटमध्ये काढा, शेवटचा शून्य बाइट धरू नका.’

प्रतिसाद २: छान. ‘भोवतीची अवतरणचिन्हंही धरू नका’ एवढं जोडा. ती शेल, म्हणजे आपण टंकलेली आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, आधीच काढून टाकतं, आपल्या प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाहीत.